आपले उच्चार व आपली अक्षरे

मराठी ही जशी बोलावी तशी लिहिली जाते व जशी लिहिली तशी वाचली जाते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. इंग्रजीच्या स्पेलिंगाने त्रासलेल्या विद्यार्थ्याची समजूत घालावयाची असली म्हणजे आम्ही शिक्षकही हेच वाक्य पुढे करितो. वाक्य ऐकावयास गोड आहे व पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु ते सर्वांशी खरे नाही. आणि जेथे ते खरे नाही, तेथे त्याचा त्रास नेमका कोणास होतो? जो विद्यार्थी कान देऊन ऐकतो व ऐकले तसेच प्रामाणिकपणे लिहितो, त्यास. 'बोलतोस तसे लिही' असे आपण त्यास सांगितलेले असते. तो तसे लिहितो, आणि वहीत तांबड्या शाईच्या खुणा मात्र त्याच्याच पदरी पडतात. हळूहळू तो स्वतःस मठ्ठ समजू लागतो, आणि दुःखाची गोष्ट ही की घरची वडील माणसेही तसेच समजू लागतात. याकरिता आपल्या भाषेतील ध्वनी व त्यांसाठी योजलेली अक्षरे यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, हे थोड्या तपशिलाने पाहावयाचे योजिले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, 'चिंच' हा शब्द मोठ्याने व सावकाश उच्चारून पाहा. अक्षर एकच, च. पण तोंडात दोन निरनिराळ्या क्रिया घडतात. पहिला च उच्चारताना जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूस चिकटतो. शेवटच्या च च्या वेळी जीभ पुढे येते व तिचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी, जवळजवळ त च्या जागी, लागते. 'त्स' असे काहीसे ऐकू येते. पहिल्यास तालव्य व दुसऱ्यास दंततालव्य म्हणतात. आता 'चिंचेचा' म्हणा. मघाशी जो दुसरा च दातांशी होता, तो ए येताच टाळूवर गेला, आणि शेवटी आलेला नवा च दातांशी राहिला. 'चोच' या शब्दात दोन्ही च दातांशी आहेत. तिचे अनेकवचन 'चोची' केले की त्यांतील दुसरा सरकतो. 'माझा' व 'माझी' यांतील झ एक नाही. 'झोप' व 'झेप' यांतीलही नाही. आपल्या जिल्ह्यातील गावांची नावे घ्या: चिंचवडात पहिला टाळूचा व दुसरा दातांचा, जेजुरीत पहिला ज टाळूचा व दुसरा दातांचा, जुन्नरचा ज दातांचा.

या सर्वांत एक नियम दडलेला आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की च, ज, झ हे नेहमी टाळूचे होतात. कारण उघड आहे: इ व ए उच्चारताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचललेला असतो, आणि व्यंजन उच्चारतानाच जीभ त्या जागेकडे निघालेली असते. पुढे अ, आ, उ, ओ असे स्वर असले म्हणजे अस्सल मराठी शब्दांत बहुधा दातांचा उच्चार होतो: चूल, चोर, चाक, जवळ, जोडा, झाड. असाच प्रकार शेजारच्या तेलुगूत व कोंकणीतही आढळतो. मौजेची गोष्ट अशी की, आपण लेखात 'माझे घर' लिहितो व घरी 'माझं घर' म्हणतो, तेव्हा केवळ शेवटचा स्वर बदलतो असे आपणांस वाटते; वस्तुतः झ देखील बदलतो. ए गेला, त्याबरोबर टाळूही सुटली.

मग 'चरण', 'जल', 'जन' या शब्दांत पुढे अ असूनही उच्चार टाळूचा का? ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द आहेत व त्यांनी आपला उच्चार बरोबर आणला. 'जल' व 'जाळ' हे एकामागून एक म्हणा, म्हणजे कोणता शब्द पोथीतून आला व कोणता चुलीपाशी वाढला हे कानच सांगेल. 'चहा', 'चष्मा' हे बाहेरचे पाहुणेही टाळूचेच. 'जग' म्हणजे दुनिया, येथे ज टाळूचा. 'सुखाने जग' यात ज दातांचा. 'चार' ही संख्या टाळूने मोजतात, पण गुरांचा 'चारा' दातांनी म्हणतात. लिहिताना कोठेही फरक नाही. परक्या माणसास मराठी शिकताना सर्वांत आधी अडते ते येथेच, आणि आपणांस मात्र येथे काही अडण्याजोगे आहे याची वार्ताही नसते. म्हणून परक्यांसाठी लिहिलेल्या काही पुस्तकांत दातांच्या च-ज खाली टिंब देण्याची सोय केलेली असते. आपल्या नित्याच्या लेखनात ते टिंब कधी रुजले नाही. देवनागरी लिपीची घडी संस्कृतच्या सोयीने बसलेली. संस्कृतास एक च पुरत होता, म्हणून आपणांसही तो पुरवावा लागला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सन २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत ॲ व ऑ या स्वरांना स्थान दिले, आणि ते योग्यच झाले. 'बॅट' व 'बॉल' यांवाचून कोणत्या मुलाचा दिवस जातो? परंतु दातांचा च शतकानुशतके घरात नांदत असून त्यास स्वतःचे अक्षर नाही, आणि इंग्रजीतून कालपरवा आलेल्या स्वरांना ते मिळाले. याचे कारण असे की, च च्या बाबतीत मराठी कान आपण होऊन भर घालतो, आणि 'बॅट' च्या बाबतीत त्यास घालता येत नव्हती. जेथे वाचकास अडत नाही तेथे लिपी सहसा बदलत नाही.

ज्यांना अडले त्यांनी काय केले, याचे एक जुने उदाहरण गोव्यात आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले, व त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, परंतु अक्षरे रोमन. रोमन लिपीत न आहे पण ण नाही. म्हणून त्यांनी ण साठी 'एन' हे अक्षर दोनदा लिहिले. आजही रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे लोक ळ साठी 'एल' दोनदा लिहितात. ज्याच्या लिपीत जे नसते ते त्यास ठळक दिसते, व तो त्याची काहीतरी तजवीज करितो. काल व काळ, गाल व गाळ यांतील भेद आपण अक्षरानेच दाखवितो, म्हणून त्याकडे आपले लक्षही जात नाही.

आता याच्या उलट प्रकार पाहू. वर एका अक्षरात दोन ध्वनी होते. ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत अक्षरे दोन आहेत, पण त्यांतील निवड बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. आपल्या शाळेत सर्वाधिक गुण येथेच जातात, म्हणून येथे थोडे थांबू.

'मूल' म्हणा व मग 'मुलास' म्हणा. 'दूध' व 'दुधात', 'वीट' व 'विटा', 'बहीण' व 'बहिणीस'. शेवटचे व्यंजन सुटे उच्चारले जाते तेव्हा त्याच्या आधीची इ किंवा उ आपोआप लांबते; पुढे आणखी एखादे अक्षर जोडले की ती आखडते. कोणी न शिकविता प्रत्येक मराठी जीभ हे करिते. नियमही तेच सांगतो: अकारान्त शब्दाच्या उपान्त्य अक्षरातील इकार-उकार दीर्घ, आणि सामान्यरूपात तो ह्रस्व. तसेच शब्दाच्या अखेरची इ किंवा उ दीर्घ लिहावी: पाणी, मोती, कवी, गुरू. येथवर कान व नियम हातात हात घालून चालतात, आणि 'बोलतोस तसे लिही' हा उपदेश अगदी खरा ठरतो.

पण नंतर 'गुण' हा शब्द येतो. कान म्हणतो 'गूण', कारण 'मूल' प्रमाणेच येथेही शेवटचे व्यंजन सुटे आहे व उ लांबतोच. परंतु शब्द संस्कृत, म्हणून तो संस्कृताप्रमाणे ह्रस्व लिहावयाचा. विष, शिव, मंदिर, कुसुम यांचेही तसेच. 'कवी' दीर्घ, पण 'कविराज' ह्रस्व. 'गुरू' दीर्घ, पण 'गुरुदक्षिणा' ह्रस्व. 'आणि' हा शब्द तर अखेरीस ह्रस्वच ठेवावयाचा. अर्थात ज्याने 'गूण' लिहिले त्याचा कान चुकला नाही. शब्द कोणत्या घरचा हे त्यास ठाऊक नव्हते, इतकेच. त्याचा अर्धा गुण कापावा लागतो, कारण परीक्षा लेखनाची आहे; पण कापताना कारण सांगितले पाहिजे. 'लक्ष नसते तुझे' असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय, कारण लक्ष होते म्हणूनच तर त्याने तसे लिहिले.

आपल्या पूर्वजांना ही पीडा नव्हती. मोडी लिपीत ह्रस्व व दीर्घ इकारासाठी एकच खूण, आणि उकारासाठीही एकच. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे जे लक्षावधी कागद ठेविले आहेत, ते लिहिणाऱ्या कारकुनांपैकी कोणाचाही गुण ह्रस्व-दीर्घासाठी कापला गेला नसेल. त्यांवर राज्याचा हिशेब चालला, फौजा हलल्या, तह झाले. छपाई आली तेव्हाही मोडीच छापण्याचे प्रयत्न झाले. विल्यम केरी यांचा मराठी शब्दकोश श्रीरामपूर येथे १८१० साली निघाला तो मोडी ठशांत. पुढे मुंबई इलाख्यातील शालोपयोगी पुस्तकांत बाळबोध स्थिर झाली. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ साली व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. मोल्सवर्थ यांना कोशाच्या कामी साहाय्य करणारे मेजर थॉमस कँडी यांनी पुण्यास राहून शाळांच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम पुष्कळ केले, व मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. बाळबोधीबरोबर ह्रस्व-दीर्घाचा भेद आला, आणि तो कोठे कसा करावयाचा हे संस्कृत जाणणाऱ्यांनी ठरविले.

जगात सर्वत्र असे आहे असे मात्र नाही. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात लुगांडा भाषा बोलतात. तीत 'ओकुसिका' म्हणजे ओढणे आणि 'ओकुसीका' म्हणजे तळणे. स्वराची लांबी चुकली तर दोरीऐवजी कढई पुढे येईल! म्हणून रोमन अक्षरांत लिहिताना तेथील लोक लांब स्वराचे अक्षर दोनदा लिहितात, आणि ते आवश्यकच आहे. मराठीत इ-उ च्या लांबीवर अर्थ अवलंबून असल्याची उदाहरणे फार थोडी. आपल्या ह्रस्व-दीर्घाचे बरेचसे ओझे उच्चाराचे नसून इतिहासाचे आहे. श व ष यांचेही तसेच: बोलताना भेद उरला नाही, लिहिताना ठेविला आहे. तो पाठ करावा व पुढे जावे.

अनुस्वाराची कथा अधिक मनोरंजक आहे. अंक, पंच, दंड, संत, कंप या पाच शब्दांत टिंब एकच, पण नाकातील ध्वनी पाच. पुढच्या व्यंजनाची जागा तोच पत्करितो. 'सिंह' व 'संवाद' यांत तर तो व सारखा होतो. हे झाले जिवंत टिंब. याशिवाय आणखी एक टिंब होते. आजोबांची जुनी पत्रे किंवा जुनी पुस्तके घरी असली तर काढून पाहा: 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं', 'तें काम केलें', 'घरीं'. विद्यार्थ्यांस वाटते की आजोबा अशुद्ध लिहीत. वस्तुतः त्या काळी असे न लिहिणे हेच अशुद्ध होते. 'ग्राम' व 'नाम' यांतील म झिजून त्याचा नाकातील सूर तेवढा 'गांव' व 'नांव' यांत उरला होता, 'पंच' मधला 'पांच' मध्ये. 'तें' वरील टिंब नपुंसकलिंग दाखवी. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित बोलण्यातून तो सूर पुढे नाहीसा झाला, टिंब राहिले. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, त्यांत उच्चार न होणारे हे अनुस्वार काढून टाकण्यात आले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. मुलांचे श्रम वाचले यात संशय नाही. परंतु प्रत्येक सोयीची काही किंमत असते. पूर्वी 'नाव' म्हणजे होडी व 'नांव' म्हणजे ज्याने हाक मारावयाची ते. आता दोन्ही एकच दिसतात.

शिवाय, 'उच्चार न होणारे' म्हणजे कोणाच्या तोंडी न होणारे? दक्षिण कोंकणातील पुष्कळ घरांत तो नाकातील सूर आजही ऐकू येतो. तेथील मुलास ते टिंब मेलेले नव्हते. पुण्यात मेले म्हणून त्याच्या वहीतूनही गेले. खानदेशात व वऱ्हाडात कित्येक घरी 'डोळा' यास 'डोया' म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत 'पाणी' चे 'पानी' होते. अशा घरचा मुलगा 'पानी' लिहितो तेव्हा तो आळस करीत नाही, आपल्या आईच्या मुखातून आलेला शब्द जसाच्या तसा कागदावर ठेवितो. त्यास ण शिकविणे आमचे काम आहे आणि ते आम्ही करावयासच पाहिजे, नाहीतर पुढे अर्ज, वर्तमानपत्र व ग्रंथ यांच्या दाराशी तो अडेल. पण त्याकरिता आईचे बोलणे 'अशुद्ध' ठरविण्याचे कारण नाही. अलीकडे पुष्कळ जाणते लोक 'शुद्धलेखन' याऐवजी 'प्रमाणलेखन' असे म्हणू लागले आहेत. तो शब्द मला अधिक न्यायाचा वाटतो. वजनाचे माप जसे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, तसे हे लेखनाचे माप आहे.

एक टिंब मात्र अजून पूर्ण जिवंत आहे, आणि त्याकडे पालकांनीही लक्ष द्यावे. 'हे घर माझ्या मुलाचे' असे मृत्युपत्रात लिहिले तर वारस एक. 'मुलांचे' लिहिले तर सर्व. लेखणीच्या एका ठिपक्याने भावाभावांत कज्जा उभा राहावा, इतकी त्याची योग्यता आहे. तीच गोष्ट र च्या अर्धचंद्राकृती खुणेची. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतील. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी. पहिल्यात र्य मुळे आधीच्या चा वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. कान हा भेद लगेच ओळखतो. हल्ली भ्रमणध्वनीवर लिहिताना ती अर्धचंद्राकृती खूण सापडत नाही म्हणून पुष्कळ मंडळी सरसकट रफारच देतात, व स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणात स्वयंपाक्यास आचार्यपद मिळते.

आता घरी करावयाचा अभ्यास. वडील माणसाने पुढील वाक्ये नेहमीच्या बोलण्याप्रमाणे वाचावीत, अक्षरे ताणून इशारा देऊ नये. मुलांनी ती न पाहता लिहावीत. मग लिहिलेले ताडून पाहावे, आणि प्रत्येक चुकीपुढे 'कानाची' की 'इतिहासाची' हे दोघांनी मिळून ठरवावे.

जुन्नरच्या बाजारात जोडा घेतला व जेजुरीस झेंडा पाहिला.

मुलांच्या आजीने चिंचेच्या झाडाखाली चूल मांडली.

आचार्यांनी आचाऱ्यांजवळ दूध मागितले. आचाऱ्यांनी दुधात साखर घालून दिली.

कवींनी गुरूंना वंदन केले आणि गुरुदक्षिणा दिली.

माझे पाच गुण कोठे गेले?